खाडे

२०२४ च्या डिसेंबरात मी तीन आठवड्यांसाठी घरी आले होते. घर म्हणजे जामखेड तालुक्यातलं, खर्ड्याच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारं आमचं गाव. दुपारी ओसरीवर चटई टाकून मी नवा-जुना पासपोर्ट, विमानाच्या तिकिटांचे कागद आणि लॅपटॉप घेऊन बसले होते. आई शेजारी बियाण्यासाठी शेंगा फोडत होती. पासपोर्टमधले मुंबई विमानतळाचे शिक्के पुसट झाले होते. ते उजेडाकडे धरून वाचायचे आणि एकेक तारीख तक्त्यात भरायची, असं तासभर चाललं होतं. शेवटी आईनं विचारलं, "एवढं काय मोजतीस गं?"

मी सांगितलं, की फेब्रुवारीत तिकडे पाच वर्षं पुरी होतायत. आता कायम राहायच्या परवान्याचा अर्ज करता येतो. त्यात या पाच वर्षांत मी किती वेळा देशाबाहेर गेले, कधी गेले, कधी परतले, कशासाठी गेले, हे सगळं लिहून द्यावं लागतं.

"म्हंजी खाडे," आई म्हणाली.

हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. ऊसतोडीच्या घरात तो भाकरीइतका रोजचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रकात भरून सांगली-कोल्हापूरच्या बाजूला जायचं, एखाद्या वर्षी पार बेळगावकडे, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परतायचं. दोघांपैकी एक जण जरी फडात गेला नाही तर तो खाडा. त्या दिवसाची तोड बुडायची ती बुडायचीच, वर मुकादम हिशेबात दंड धरायचा. आईनं शेवटच्या वर्षांत एका खाड्याला पाचशे रुपये मोजलेत. तापाचे खाडे, भावाला गोवर निघाला तेव्हाचे खाडे, कोयता लागून बोट फाटलं तेव्हाचे खाडे, सगळे तिला साल आणि कारखान्यासकट पाठ आहेत. ती शाळेत गेलेली नाही.

मी ब्रिटनमध्ये नर्स आहे. लेस्टर नावाच्या शहरात राहते. ज्याला आपल्याकडे सगळे पीआर म्हणतात त्याला तिथे 'इंडेफिनेट लीव्ह टू रिमेन' म्हणतात, राहण्याची बेमुदत मुभा. माझ्या वेळी नियम सांगायला सोपा होता. नोकरीच्या व्हिसावर पाच वर्षं सलग राहायचं आणि त्या काळात कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही. बारा महिने म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नव्हे, कुठल्याही तारखेपासून पुढचे बारा. मोजताना निघण्याचा दिवस आणि परत पोचण्याचा दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवसच धरतात.

आईला हे फार आवडलं. "जायायचा दिवस धरीतच न्हाईत? मुकादम तर अर्ध्या दिवसाचाबी आख्खा धरायचा."

माझ्या तक्त्यात चार ओळी झाल्या. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातले ३१ दिवस, २०२२ च्या डिसेंबरातले २८, मुलीला घेऊन आले ते २०२४ च्या उन्हाळ्यातले ७४, आणि आताचे २१. बेरीज १५४. पाच वर्षांचे दिवस होतात १८२७, त्यांतले १५४.

"पाच वर्सांत एवढेच?" आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "माझा एक हंगाम ह्याच्यावर जातुया."

ती बोलून गेली, पण मी ते मनाशी मोजत राहिले. २०२१-२२ चा तिचा शेवटचा हंगाम. त्या वर्षी ऊस इतका झाला होता की काही कारखाने जूनपर्यंत चालू होते. आई-अण्णा ऑक्टोबरात गेले ते मे संपताना आले. दोनशेच्या वर दिवस भरतात. त्याच्या आधीच्या वर्षांचा हिशेबही थोडाफार कमी-जास्त, पण १८० च्या आसपासच. म्हणजे जो नियम मला लागू होता तो आईला लावला, तर माझी आई स्वतःच्या गावात कायमची राहणारी ठरत नाही. जन्म तालुक्यातच, लग्न इथलंच, दोन एकर जमीन इथली, देव इथला. तरी सलग पाच वर्षं तिची कधी भरलीच नसती.

हे मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण काही बाबतीत गावानं तिला खरंच तसं वागवलं. रेशन सहा महिने बुडायचं. ग्रामसभा हंगामात झाली तर तिच्या नावावर काही यायचं नाही. लसीकरणाचा दिवस चुकायचा. धाकट्या भावाची शाळा दरवर्षी दिवाळीनंतर तुटायची, कारण तो लहान म्हणून बरोबर जायचा आणि कारखान्यावरच्या साखरशाळेत बसायचा. मी मोठी, म्हणून आजीजवळ गावात राहिले. ऊसतोड कामगार म्हणून आईला पहिलं ओळखपत्र मिळालं ते ग्रामसेवकाच्या सहीचं, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाल्यानंतर. तोवर तिच्या आयुष्यातला निम्मा काळ ती कुठे होती याचा एकही सरकारी कागद नव्हता. तिनं ते ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याला लावून ठेवलंय.

मी नर्स झाले त्याचं मूळ आजीजवळ राहण्यात आहे. आमच्या गावात आरोळेंच्या प्रकल्पाची आरोग्यसेविका होती. जामखेडचं नाव बाहेरच्या जगात ज्या माणसांमुळे गेलं ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं वेल्लोरला डॉक्टर झाले, अमेरिकेत शिकले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, त्यांतल्या कितीतरी दलित, आणि त्यांना बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे सगळं शिकवलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या आळीत वजनाचा काटा आढ्याला टांगायचे आणि झोळीत पोर ठेवायचे. आरोग्यसेविका बाई आकडा मोठ्यानं वाचायच्या आणि मी तो वहीत लिहायचे, कारण मला अक्षर येत होतं. मी तेव्हा तिसरीत असेन. बाळाचं वजन मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलं की त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून दिसतं. वॉर्डात एखाद्या पेशंटचा आकडा खाली आला की माझाही चेहरा तसाच होत असणार.

बारावी सायन्स, मग नगरला नर्सिंगचा जीएनएम कोर्स, मग पुण्यात खासगी रुग्णालयात पाच वर्षं. २०१८ मध्ये लग्न झालं. नवरा आष्टीकडचा, लॅब टेक्निशियन. पुण्यात दोघांच्या पगारात भाडं आणि कर्जाचा हप्ता जाऊन जे उरायचं त्यात आई-अण्णांचा कोयता थांबणार नव्हता. तो थांबवायचा म्हणून मी बाहेर जायचं ठरवलं. दुसरं कुठलंही कारण मी सांगितलं तर ते नंतर सुचलेलं असेल.

मराठी माध्यमातली मुलगी, इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा तिसऱ्या वेळी निघाली. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत सात आणि लिहिण्यात साडेसहा लागायचे. लिहिण्यातच अडायचं. व्हिसाच्या अर्जात आई-वडिलांच्या जन्मतारखा विचारल्या होत्या. अण्णांची १ जून, गुरुजींनी अर्ध्या वर्गाला दिलेली. आईची आधारवरची १ जानेवारी १९७२. ती दुष्काळात झाली एवढंच खात्रीनं माहीत आहे. तिची आई तेव्हा रोजगारावर खडी फोडत होती आणि तिथेच सुकडी मिळायची, असं ती ऐकून आहे. मी अर्जात १ जानेवारी लिहिलं. पुढे पाच वर्षं प्रत्येक कागदावर तीच तारीख लिहीत आले आणि आता तीच खरी झाली आहे.

१२ फेब्रुवारी २०२० ला मी लेस्टरला पोचले. पाच आठवड्यांत सगळं बंद झालं. आमची प्रात्यक्षिक परीक्षा, जिच्याशिवाय परदेशी नर्सला तिथं नोंदणी मिळत नाही, ती परीक्षाकेंद्रंच बंद पडल्यामुळे पुढे गेली. मग तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं आम्हाला तात्पुरत्या यादीत घेतलं. परीक्षा नंतर, आधी वॉर्ड. दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे. मी ड्यूटीवरून येताना त्या रस्त्यानं चालत यायचे आणि मला मान खाली घालावीशी वाटायची, कारण त्या दिवशी कोणीतरी गेलेलं असायचं. जूनअखेर इंग्लंडमध्ये इतरत्र सैल होत असताना लेस्टरला पुन्हा टाळेबंदी लागली. स्थानिक टाळेबंदी लागलेलं ते पहिलंच शहर.

नातेवाइकांना आत सोडत नसत. शेवटची भेट आम्ही टॅबलेटवर करून द्यायचो. एका हातात टॅबलेट, दुसऱ्या हातात पेशंटचा हात. मला अजून त्यांची भाषा नीट कळायची नाही, लेस्टरकडचे लोक शब्द गिळतात. पण मुलगी आईला काय म्हणतेय ते कळायला भाषा लागली नाही.

पुढच्या वर्षी मेमध्ये माझ्या आजीशी मी तशीच बोलले. फोन माझ्या भावानं धरला होता, तोंडावर फडकं बांधून. मी नर्स, म्हणून मी आधी ऑक्सिजनचा आकडा विचारला. तो ऐकल्यावर मला पुढचं कळलं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. आजी अकरा दिवस होती.

भारत तेव्हा ब्रिटनच्या लाल यादीत होता, २३ एप्रिल २०२१ पासून. मला जाताच आलं नसतं असं नाही. राहण्याचा परवाना असलेल्यांना परत येऊ देत होते, फक्त उतरल्यावर दहा रात्री ठरवून दिलेल्या हॉटेलात कोंडून राहायचं आणि त्याचे १,७५० पौंड भरायचे. पैसे मी उसने घेतले असते. पण वॉर्डात माणसं नव्हती, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार हे मला माहीत होतं. मी गेले नाही. हा निर्णय माझा होता. कुणी अडवलं म्हणून गेले नाही असं मी घरात कधी म्हटलेलं नाही.

२०२४ च्या त्या डिसेंबरात ओसरीवर बसले असताना मी तक्त्याच्या पहिल्या ओळीवर थांबले ती यामुळे. पहिली ओळ नोव्हेंबर २०२१ ची. त्याआधी फेब्रुवारी २०२० पासून एकवीस महिने सलग हजेरी. अर्ज तपासणाऱ्याच्या दृष्टीनं हा माझा सगळ्यात चांगला काळ. एकही खाडा नाही. मे २०२१ तिथे कुठेच नाही. गेलेले दिवस लिहायला रकाना आहे. जायला हवं होतं आणि गेले नाही, त्या दिवसांना रकाना कुठून असणार? तो त्यांचा दोष नाही. पण मला तो महिना तक्त्यात न लिहिता पुढे जाणं जड गेलं.

आणि नोव्हेंबर २०२१ ला मी आले तेव्हा घराला कुलूप होतं.

हे मी आधी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मुंबईहून पुणे, पुण्याहून नगर, नगरहून जामखेडची एसटी. हा रस्ता विचित्र आहे. नगर जिल्ह्यातून निघून मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो, कडा आणि आष्टी मागे टाकल्यावर परत नगर जिल्ह्यात येतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांनाच आपल्या घरी जायला दुसऱ्याच्या जिल्ह्यातून जावं लागत असेल. त्या दिवशी गावात उतरले. आजी नव्हती, ते माहीत होतं. आई-अण्णा भावाकडे चाकणला गेलेत असं मला फोनवर सांगितलं होतं. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "ते तर तोडीला गेल्यात की बाई. तुला न्हाई सांगितलं?" आजीच्या दवाखान्यासाठी मे महिन्यात उचल घेतली होती. मला कळलं तर मी कर्ज काढून पाठवीन म्हणून कळवली नव्हती. उचल घेतली की ती अंगानंच फेडायची असते. पैसे आणून दिले तरी मधल्या हंगामात मुकादम कोयता सोडत नाही, कारण त्याचीही टोळी मोजलेली असते.

मी दोन दिवसांनी सांगली जिल्ह्यात गेले. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, समोर ट्रॅक्टर. आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होती. मला बघितल्यावर ती मोळी टाकून उतरली नाही. आधी वर जाऊन मोळी लावली, मग उतरली. रात्री कोपीत तिच्याजवळ झोपले. पहाटे तीनला ती उठून भाकरी थापायला लागली. माझ्या रात्रपाळीच्या सवयीमुळे मीही जागीच होते. ३१ दिवसांच्या त्या ओळीतले नऊ दिवस मी त्या कोपीत काढले. अर्जात कारणाच्या रकान्यात मी लिहिलंय: कुटुंबाला भेटण्यासाठी.

त्याच्या पुढच्या वर्षापासून कोयता थांबला. मी दर महिन्याला पैसे पाठवते आणि उचलीचं नाव काढायचं नाही असं अण्णांकडून कबूल करून घेतलंय. आता आई शेतात असते, रब्बीची ज्वारी, थोडी तूर. २०२४ च्या डिसेंबरात हुरडा कोवळा होता. गावातून मात्र अजूनही घरंच्या घरं गेलेली होती. कुलपं बघून कळतं.

माझी मुलगी २०२३ च्या ऑक्टोबरात लेस्टरला झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं आईला फार वाटत होतं. मलाही. पण सातव्या महिन्यात जाऊन बाळ तीन महिन्यांचं करून परतायचं म्हटलं तर १८० चा आकडा डोळ्यांसमोर यायचा. बाळाचा पासपोर्ट, व्हिसा यांत आणखी दिवस जाणार. म्हणून माहेरच तिकडे आणलं. आईला सहा महिन्यांचा भेटीचा व्हिसा काढला. त्यात उलटं सिद्ध करावं लागतं, की हे माणूस नक्की परत जाईल. पगाराची पावती तिच्याकडे नव्हती, बँकेत थोडेसे पैसे. शेवटी सातबारा. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून, नोटरी करून जोडलं. ज्या जमिनीवर भागत नाही म्हणून तिनं तीस वर्षं गाव सोडलं, ती जमीन ती गावाला परत येईल याची साक्ष झाली. व्हिसा मिळाला. लेस्टरच्या बेल्ग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांत ती मेथीची जुडी हातात घेऊन भाव पौंडात विचारायची आणि रुपयांत करून परत ठेवायची. पाच महिने तिनं मला आणि बाळाला न्हाऊ-माखू घातलं. शेक-शेगडीला तिथे कोळसा नाही, तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायची.

अर्जासाठी एक परीक्षाही असते, त्या देशाचा इतिहास आणि कायदे यांवर. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर यावे लागतात. मी रात्रपाळीच्या सुट्टीत पुस्तक वाचायचे. त्यात फ्लोरेन्स नाइटिंगेल होती, ती आम्हाला जीएनएमला होती. त्यात पाटण्याहून गेलेला शेख दीन महंमदही होता, ज्यानं १८१० मध्ये लंडनला पहिली हिंदुस्तानी खाणावळ काढली आणि चंपीवरून शॅम्पू तिकडे नेला. अभ्यास करताना मला सारखं वाटायचं, की माझ्या तालुक्याची अशी परीक्षा कुणी घेतली तर मी किती बरोबर देईन. चोंडी आमच्याच तालुक्यात आहे, १७२५ मध्ये अहिल्याबाई तिथे जन्मल्या. खर्ड्याला १७९५ मध्ये मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली. एवढं येतं. त्यापुढचं मला माझ्या मुलीला सांगता यायला हवं आणि त्यासाठी मी अजून काही वाचलेलं नाही.

जिल्ह्याचं नावही याच काळात बदललं. माझ्या जीएनएमच्या प्रमाणपत्रावर, लग्नाच्या दाखल्यावर अहमदनगर आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राची मंजुरी आली आणि जिल्हा अहिल्यानगर झाला. मी डिसेंबरात आले तेव्हा काही पाट्या बदललेल्या, काही नाहीत. अर्जात जुनी प्रमाणपत्रं जोडायची तर नावांचा मेळ बसेल का याची मला काळजी होती. वकिलाला विचारलं, तर प्रमाणपत्र ज्या दिवशी दिलं त्या दिवशीचं नाव चालतं. आमच्याकडे माणसं आधीही नगर म्हणायची, आताही नगरच म्हणतात.

अर्जाची फी तेव्हा २,८८५ पौंड होती. तेव्हाच्या भावानं तीन लाखांच्या वर. मी आईला आकडा सांगितला नव्हता, अण्णांनी विचारून काढला. मग दोघं टनांवर गेले. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला साडेतीनशेच्या वर गेला होता. त्यांच्या कोयत्याचे दिवसाला दोन टन. म्हणजे चारशेच्या वर दिवस, दोन हंगाम पुरे आणि तिसऱ्यात पाय. अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "भर. एकदा भरलं की मिटलं."

मिटलं का? नवरा २०२१ च्या सप्टेंबरात आला, त्याची वर्षं वेगळी मोजतात. एकाच घरात राहून माझी पाच पुरी आणि त्याची साडेतीन. मला परवाना मिळाला की मुलीची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करता येईल, पण मग तिचं भारतीय नागरिकत्व जाईल, आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. तो अर्ज आम्ही अजून हातात घेतलेला नाही. रात्री बोलायला बसतो आणि कामाचं बोलून उठतो.

निघायच्या आदल्या दिवशी गावातले एक निवृत्त गुरुजी घरी आले होते. मला शिकवलेलं नाही, पण मान मोठा. चहा घेताना म्हणाले, "आरोळे अमेरिकेतून आपल्या जामखेडला आले, आणि तू जामखेडहून कायमची तिकडं निघालीस." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खंत होती. मी उत्तर दिलं नाही. लेस्टरला एकदा आमच्या वॉर्डातल्या वयस्क डॉक्टरबाईंनी मला गावाचं नाव विचारलं होतं. जामखेड म्हटल्यावर त्या हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळल्या. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात त्यांनी जामखेडचं पुस्तक वाचलं होतं, आरोळे पती-पत्नींनीच लिहिलेलं. त्यांनी विचारलं, "त्या गावातल्या बायका अजून काम करतात?" मी आढ्याला टांगलेल्या काट्याबद्दल सांगितलं. तो दिवस माझ्या पाच वर्षांतला फार मोठा दिवस आहे. पण गुरुजींना हे सांगून त्यांच्या खंतीची भरपाई होणार नव्हती. आरोळे आले तेव्हा त्यांनी बरोबर जे आणलं ते इथे नव्हतं. मी आज परत आले तर बरोबर दोन हात आणि वॉर्डातली सवय आणीन, आणि अण्णांना ऑक्टोबरात मुकादमाकडे जावं लागेल. मला गुरुजींचा प्रश्न खोटा वाटत नाही. माझं कारणही खोटं नाही. ही दोन्ही माझ्या मनात शेजारी बसलेली आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

जानेवारीच्या वीस तारखेला मी अर्ज भरला. पाच वर्षं पुरी व्हायच्या २८ दिवस आधीपासून भरता येत होता. ठसे दिले, फोटो दिला. रुग्णालयाचं पत्र जोडलं, की हिची आम्हाला गरज आहे आणि हिचा पगार इतका आहे. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गरज आहे, असं कागदावर लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. आईच्या कोणत्याही मुकादमानं तिला असं काही लिहून दिलेलं नाही, आणि तीस हंगाम तिच्याशिवाय त्यांचं अडत होतं.

मार्चच्या मध्यावर उत्तर आलं. रात्रपाळी होती, पहाटे चारच्या चहाला फोन बघितला. पूर्वी कार्ड द्यायचे, आता काहीच हातात येत नाही, संगणकावर एक नोंद बदलते. भारतात साडेनऊ वाजले होते. आईला फोन लावला. ती शेतात होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मंग आता खाडं धरत न्हाईत?"

मी म्हटलं, आता तसे नाही धरत. पण सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर परवाना जातो.

ती थोडा वेळ बोलली नाही. दोन वर्षं तिनं मनात कशात मोजली असतील ते मला कळलं नाही.

"मंग औंदा पाडव्याला यशील का? पोरीला घिऊन?"

पाडवा पंधरा दिवसांवर होता. एप्रिलच्या ड्यूट्या लागलेल्या होत्या, तक्ता वॉर्डाच्या भिंतीवर मला बसल्या जागेवरून दिसत होता. मी सांगितलं, रजा नाही मिळायची.

"बरं," आई म्हणाली. मग तिनं सांगितलं, की पट्टा लवकर पडलाय, वरच्या आळीतली माणसं परवा आली, घरं झाडून घेतलीत, आणि लिंबाला यंदा मोहर चांगला आहे.